वाळूतलं विसर्जन

दृश्य शेवटचं. दिवस. इजिप्तचं हरवलेलं शहर वाळूत बुडतं. आधी सिंहमुखी देवी खाली जाते.

पटकथेत असं होतं. प्लॅस्टरचं शहर एकच, म्हणून टेकही एकच. "ॲक्शन!" म्हणताच खांब पडले, महाल खचला. जमिनीतली झडप उघडली, पण देवी शेजारी उभीच राहिली.

"हिला झडपेवरून सरकवलं कुणी?" दिग्दर्शक किंचाळला.

"मी," देवी घडवणाऱ्या पेणच्या शालनताई म्हणाल्या. "विसर्जनाआधी मूर्ती जागची हलवतात. मग तिच्यातला देव निघून जातो. तशीच कशी बुडवायची?"

"अहो ताई, सेट आहे हा! देव कुठला?"

"डोळे मी आखलेत तिचे."

दिग्दर्शकानं कपाळ धरून मॉनिटर पाहिला. धुळीत एकटी देवी, बुडालेल्या शहराकडे बघणारी. मग तोच टेक पुन्हा लावून पाहिला.

"राहू दे. हाच शेवट. ती उभीच राहील."

"सिनेमात राहू दे," शालनताई म्हणाल्या. "इथे नको. निरोप दिलेली मूर्ती ठेवत नाहीत."

दृश्य पटकथेत नसलेलं. पॅकअपनंतर. शालनताई देवीच्या पायाशी घमेलंभर वाळू ओततात. दिग्दर्शक थोडा वेळ बघतो. मग दुसरं घमेलं उचलतो.