आठ दिवसांची सोय

सातला पाच मिनिटं कमी असताना तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला, रिकामा ग्लास पुढे ठेवला आणि घड्याळाकडे बघू लागला. बायको आत बॅग भरत होती. कपाटाची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती.

पाच महिने हे असंच चाललं होतं. कारखान्यात कुणीतरी व्याख्यान देऊन गेला होता, दारू एकदम सुटत नसेल तर हळूहळू कमी करा, बाटली घरच्या माणसाच्या ताब्यात द्या. त्याच संध्याकाळी त्याने बाटली कपाटात बंद करून किल्ली हिच्या हातात दिली. अख्ख्या बिल्डिंगने त्याचं कौतुक केलं. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने रोज सहा झाकणं, मग पाच, मग चार, असं उतरत शून्यावर यायचं ठरलं होतं. चारवर गाडी अडली ती अडलीच. तेव्हापासून सातच्या आत घरी यायचं बंधन आलं, ते मात्र हिच्यावर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

"उद्या सकाळी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ती बाहेर येत म्हणाली. "आठ दिवस दर चार तासांनी थेंब घालायचेत. त्यांच्याकडे दुसरं कुणी नाही. साडेसातच्या बसने निघतेय."

"मी कुठे नाही म्हणतोय? जा की. फक्त माझी सोय करून जा."

सोय वरच्या मजल्यावरून आली. त्याची थोरली बहीण एक ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रेमध्ये औषधाच्या आठ लहान बाटल्या, उकळून, पुसून, ओळीत मांडलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. सोमवार, मंगळवार, असं करत पुढच्या सोमवारपर्यंत.

"कालपासून डोकं चालवतेय," नणंद म्हणाली. "प्रत्येकीत चार-चार झाकणं भरून ठेव. रोज एक घेईल. तुझ्याही जिवाला घोर नको."

"ताई, ते आठही आजच संपवतील."

"मग तू त्याला नीट समजावून सांग ना. गेल्या महिन्यात तुला यायला अर्धा तास उशीर झाला, तर बिचारा बाहेर जाऊन पिऊन आला. आठवतंय ना?"

त्याने मान खाली घातली. "जाऊ दे ताई. मी तेव्हाही हिला एका शब्दाने बोललो नाही."

हातातल्या टॉवेलची घडी बायकोने तशीच अर्धी सोडली. त्या रात्री त्याची उलटी तिने पुसली होती. पुसता पुसता स्वतःलाच म्हणाली होती, माझंच चुकलं, लवकर निघायला हवं होतं. ते आठवलं आणि तिला संताप आला. नवऱ्याचा आला, नणंदेचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या फरशी पुसत बसलेल्या बाईचा आला.

तिने गळ्यातला दोरा काढला, कपाट उघडलं, बाटली आणून टेबलावर ठेवली. शेजारी झाकण ठेवलं. किल्ली कपाटालाच राहू दिली.

"अगं, चोराच्या हातात किल्ल्या देतेस?" नणंद म्हणाली.

"चोर तुम्ही म्हणालात, ताई. मी पाच महिने माणूस म्हणत होते."

समोर अख्खी बाटली बघून त्याने खुर्ची मागे सरकवली. त्याची अपेक्षा चार झाकणांची होती. "हे बघ," तो म्हणाला, "माझ्या हातून जास्त झाली तर जबाबदार कोण?"

"तुम्ही."

"मला नाही जमणार." एवढं मात्र तो खरं बोलला. आवाज अगदी बारीक झाला होता. एरवी ती एवढ्यावर विरघळली असती.

"मग तसं डॉक्टरला जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग? आणि रोज मोजून द्यायला कुणी हवंच असेल तर ताई वरच राहतात."

नणंदेने ट्रे छातीशी धरला. "छे गं बाई, माझ्याच्याने नाही व्हायचं. संध्याकाळी सात म्हणजे माझी चालायला जायची वेळ."

"हो ना," ती म्हणाली. "माझीही होती."

तिने बॅग उचलली. दार ओढून घेताना आतून भावाबहिणीचा आवाज चढलेला ऐकू आला. कुणी कुणाला काय म्हटलं ते ऐकायला ती थांबली नाही.

खाली जिन्याजवळ इस्त्रीवाल्याने तिला बघितलं आणि इस्त्री उचलून बाजूला उभी केली. या बाई सात वाजता कधी घराबाहेर दिसत नाहीत आणि का दिसत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

"काय वहिनी, सात वाजून गेले आणि तुम्ही बाहेर? साहेबांची सुटली वाटतं?"

"त्यांचं त्यांना विचारा," ती न थांबता म्हणाली. "माझी सुटली."