मुदत संपलेलं पाकीट

"चूक माझीच आहे, उस्ताद." लाय आजींनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि शेजारी मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. "तारीख बघ. चार दिवसांपूर्वीच मुदत संपलेली. आणि मी बावळट, तेच यावर ठेवून खेळायला बसले!"

कॉम्प्युटर बाजारातल्या आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यात को मिंग-त्सेनं तारीख बघितली. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ताइपेत त्याच्यावर हिरवं पाकीट ठेवतात. बँका ठेवतात, इस्पितळं ठेवतात, मग अडुसष्ट वर्षांच्या लाय आजींनी का ठेवू नये? फक्त पाकीट जुनं झालेलं नको, नाहीतर यंत्र रुसतं.

"बंद कधी पडला?"

"उपांत्य सामन्यात! दोन मिनिटं उरली होती आणि स्क्रीन काळी ठिक्कर. आमचा ज्येष्ठांचा संघ हरला. संघातला तो वेंग सगळ्यांसमोर म्हणाला, साधं पाकीट सांभाळता येत नाही आणि निघाली कॉम्प्युटरवर बंदुका चालवायला." आजींनी हसायचा प्रयत्न केला. पिशवीतून नवं पाकीट काढून त्यांनी लॅपटॉपशेजारी नीट मांडलं.

मिंग-त्सेनं लॅपटॉप सुरू केला. खेळाची चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या वेगाचा आकडा दिसला आणि त्यानं स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली. आकडा त्यानंच लावलेला. गेल्या मंगळवारी आजी म्हणाल्या होत्या, "खेळ अडखळतो रे, जरा जोर वाढवून दे, पण जपून." जपून म्हणजे कसं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आकडा थोडा थोडा चढवायचा. दर पायरीला अर्धा तास यंत्राला पळवायचं, किती तापतंय ते बघायचं, चित्र थरथरलं की मागं यायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हेच ऐकवायचा. त्या दिवशी मात्र त्यानं आकडा एका दमात वर नेला आणि लॅपटॉप मिटून टाकला, कारण नूडल्स गार होत होत्या. संध्याकाळी आजी न्यायला आल्या तेव्हा "तीन तास तपासलाय" असं बिनदिक्कत ठोकूनही दिलं.

आता त्यानं आकडा मुकाट्यानं मूळ जागी आणला. खेळ लावला, अर्धा तास पळवला. एकदाही अडलं नाही.

"बघ! पाकिटामुळंच झालं होतं ना?"

"हो," मिंग-त्से म्हणाला. "तारीख बघत जा, आजी."

आजींनी कमरेत वाकून त्याची माफी मागितली, उगाच त्रास दिला म्हणून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो नुसता लॅपटॉप पुसत राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या मोठ्या मोठ्या गप्पा कुठं गेल्या होत्या कोण जाणे!

मग आजींनी फोन तोंडाशी नेला, बटणावर अंगठा दाबून धरला आणि संघाच्या ग्रुपसाठी निरोप बोलू लागल्या. "मंडळी, लॅपटॉप ठणठणीत आहे. दोष माझाच होता. शनिवारी माझ्या जागी दुसऱ्या कोणाला घ्या. म्हातारपणी ही हौस करायलाच नको होती. मी आता खेळणार नाही..."

"आजी, पाकिटाचा काही दोष नव्हता!"

आजी दचकल्या. "अरे, हळू! अंगठा दाबलेला आहे, सगळं त्यात जातंय."

"तुमचाही नव्हता. मीच वेग वाढवून लॅपटॉप न तपासता दिला होता."

शेजारच्या गाळ्यातला मालक हातातलं काम सोडून बघायला लागला. मिंग-त्सेची कानशिलं रसरसली होती. आजींचा अंगठा बटणावरून सुटायला लागला.

"अंगठा काढू नका," तो म्हणाला, आणि काउंटरवरून वाकून त्यानं फोनमध्ये आधी आपलं नाव सांगितलं, मग दुकानाचं, मग मजला आणि गाळा नंबर.