दहावी प्रवासी

बाईंनी पुन्हा समुद्राकडे पाठ केली आणि त्या गाइड सुहिलाकडे बघत उभ्या राहिल्या. टेकडीवरच्या चर्चच्या गच्चीत बाकीचे नऊ प्रवासी कठड्याला टेकून फोटो काढत होते. सगळं अल्जियर्स खाली पायाशी पसरलेलं. बाईंना त्याचं काही नव्हतं.

सुहिलाला सकाळपासून काही उमगत नव्हतं. दिवसभराची ही सहल परदेशी लोक घेतात. आजच्या यादीत मात्र दहावं नाव होतं वरदिया, आणि बसमध्ये चढल्या त्या पांढरा रुमाल बांधलेल्या, साठीच्या, अगदी इथल्याच बाई.

“मावशी, तुम्ही राहता कुठे?” तिने विचारलं.

“तिथे.” बाईंनी खाली बाब एल वेद वस्तीकडे बोट केलं. “निळ्या गॅलरीत चादर वाळतेय ना, तेच घर.”

“मग मी काय दाखवणार तुम्हाला? पाहिलेलंच असेल सगळं.”

“तू तुझं काम कर. मी बघतेय.”

बसमध्ये बलीद ड्रायव्हरने मागे न बघता हळूच म्हटलं, “पर्यटन खात्याने पाठवलीय. तुझा परवाना पुढच्या महिन्यात संपतोय ना? आज जिभेला लगाम घाल.”

सुहिलाला ते पटलं. म्हणूनच बाई देखावे सोडून तिला बघत होत्या. तिने रुमाल नीट केला आणि सनावळ्या जपून सांगायला सुरुवात केली.

पण कासबाच्या, जुन्या शहराच्या, पायऱ्यांवर ओळखीच्या तांबटाने हातोडी थांबवून हाक मारली. “काय सुहिला, आज पुन्हा वरात? नवरदेव कुठाय?”

“शोधतेय, काका. तुमच्यासारखा देखणा सापडेना.”

सवयीने तोंडातून निघून गेलं. तिने जीभ चावली. मागून मात्र खळखळून हसण्याचा आवाज आला. बाई हसत होत्या. दुसऱ्याच क्षणी त्यांनी तोंडावर हात ठेवला, जणू चोरी पकडली गेली.

पुढच्या वळणावर एका इटालियन माणसाचा पाय मुरगळला. सुहिलाने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि शंभरेक पायऱ्या त्याला सावकाश उतरवलं. बाई त्या हाताकडे बघत होत्या. हसू कधीच मावळलं होतं.

बंदरावर जेवताना त्या मुद्दाम सुहिलाच्या शेजारी येऊन बसल्या. तळलेल्या सार्डिनचा काटा काढता काढता प्रश्न सुरू झाले.

“घरी स्वयंपाक कोण करतं?”

“आई. माझ्या कुसकुसचा गोळा होतो.”

“हिवाळ्यातही हिंडतेस? अशीच, परक्या माणसांना घेऊन?”

“पावसात छत्री असते.”

“लग्न?”

परवान्यासाठी हेही लागतं की काय, सुहिलाला कळेना. तरी तिने खरं सांगितलं. “येत्या शुक्रवारी फातेहची आई येणार आहे मागणी घालायला.”

“आणि हे काम?”

“तो म्हणतो, बघू.”

बाईंनी काटे ताटाच्या कडेला सरळ रेषेत मांडले.

दुपारी रोपवेच्या डब्यात त्यांनी सुहिलाचं मनगट घट्ट धरलं. डबा बागेवरून सरकत वर निघाला तसे त्यांनी डोळे मिटले. अर्ध्यावर उघडले. खाली झाडं, घरांच्या गच्च्या, जहाजं, सगळी खाडी. या वेळी मात्र त्यांनी सुहिलाकडे पाहिलं नाही. डबा थांबेपर्यंत काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या आणि गालावरून ओघळणारं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“मावशी, बरं वाटत नाही का?”

“चाळीस वर्षं झाली मला या शहरात नांदायला येऊन,” बाई म्हणाल्या. “बाजार, दवाखाना, आणि मेलेल्यांच्या घरी जाणं. एवढंच दाखवलं मला.”

वर, हुतात्म्यांच्या स्मारकापाशी, सहल संपली. परदेशी मंडळी बसकडे निघाली. बाई जागच्या हलल्या नाहीत. सुहिलाच्या डोक्यात नुसता गुंता. खात्याची बाई अशी रडत नाही.

“मावशी, खरं सांगा. तुम्हाला कोणी पाठवलं?”

“कोणी नाही. मी फातेहची आई.”

तांबट, इटालियन, कुसकुसचा गोळा, दिवसभरातलं एकेक सुहिलाच्या डोळ्यांसमोरून गेलं.

“आधी सांगायचं होतंत,” ती कशीबशी म्हणाली.

“सांगितलं असतं तर दिवसभर सून बनून वावरली असतीस. मला तू बघायची होतीस. खरं सांगते, मी तुला नापसंत करायला आले होते. रोज दहा पुरुषांबरोबर भटकणारी मुलगी मला घरात नको होती. तुला नको म्हणायला एक कारण शोधत होते.”

“मिळालं?” सुहिलाने विचारलं.

“तुझ्यात नाही मिळालं.”

बसमधून बलीदने भोंगा वाजवला. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी सुहिलाचा तिरका झालेला बिल्ला सरळ केला, आणि त्यावरचा हात काढला नाही.

“माझा मुलगा वाईट नाही. हात उगारायचा नाही, उपाशी ठेवायचा नाही. पण परवा जेवताना मला म्हणाला, लग्न होऊ दे, महिन्याभरात घरी बसवतो तिला. त्याचा बापही वाईट नव्हता. शुक्रवारी मी मिठाई घेऊन येईन, चार बायकांसमोर रीतसर मागणी घालीन. आई आहे, मला ते करावंच लागेल. तू नाही म्हण, पोरी.”