चार वर्षांचं व्रत

थोरल्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी, २००३ साली, दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटवर आरोग्यविम्याचा एजंट आला. त्याच्याकडे दोन योजना होत्या. स्वस्त योजनेत काकासाहेबांच्या मधुमेहाचा खर्च कधीच मिळणार नव्हता, महागड्या योजनेत चार वर्षांनंतर मिळणार होता. हेमलताबाईंनी महागडीचा अर्ज भरला.

"ऐकलंत ना? चार वर्षं आजारी पडायचं नाही. व्रतच समजा."

"बिल्कुल! पण उद्यापन?"

"पुरणपोळीनं."

करोल बागेतली जिलेबी बंद झाली, पार्कातल्या फेऱ्या सुरू झाल्या. हात बर्फीकडे वळला की हेमलताबाई म्हणत, "अहो, व्रत मोडेल!" चार वर्षांनी पुरणपोळी झाली.

"चलो, आता आजारी पडायला मोकळा!"

"पडून तर बघा!"

विमा कंपनीचं त्या घरात एकच पत्र आलं होतं, बारशाच्याच वर्षी: साखर फार, अर्ज नामंजूर. हेमलताबाईंनी ते तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

काकासाहेब २०१९ च्या मार्गशीर्षात गेले, ब्याऐंशीव्या वर्षी, फेऱ्या मारून आल्यावर, बिनसाखरेचा चहा पिता पिता.