हुंकार

बायको गेली आणि लातूरच्या भाड्याच्या खोलीत लेकीजवळ राहायला किशन आला. इंजिनिअरिंगची तयारी करणाऱ्या धम्मप्रियाचं कॅल्क्युलस तेव्हापासूनच अडलं होतं.

“उद्याची टेस्ट बी गेली, तर मी गावी मुखेडला परत जाते, बाबा. बास झालं.”

“आई असताना कसं जमायचं मग?”

“मी गणित मोठ्यानं सांगायची, आन् आई गोष्ट ऐकल्यासारखी हं हं करायची.”

“मग मला सांग की.”

ती सांगू लागली. किशन प्रत्येक ओळीला न चुकता ‘हं’ म्हणत गेला. शेवटी आलेलं उत्तर चारही पर्यायांत नव्हतं. तिनं पेन आपटलं.

“तुम्ही सगळ्यालाच हं म्हणून राहिलात! चुकलं की आई गप बसायची.”

“तिला कुठं गणित येत होतं, पोरी?”

“नव्हतं येत. पर माझा आवाज खाली गेला की तिला कळायचं.”

भिंतीला टेकून किशननं डोळे मिटले.

“सांग आता.”

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. ओळ, हं. ओळ, हं. मग एका ओळीला त्याचा हं आलाच नाही.

धम्मप्रिया थांबली. तिनं वहीत पाहिलं आणि ती ओळ खोडली.