भट्टीवाल्याची शेगडी

"बाबा, ही रात्रभर चालू होती?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. शेगडीवर भांडं नव्हतं, तरी एक ज्योत बारीक जळत होती. शेजारी ओट्यावर पुसायचं फडकं पडलं होतं. अर्धं उरलं होतं, अर्धं काळं होऊन गळून गेलं होतं.

"मंद ठेवली होती," म्हातारा म्हणाला. "भट्टी विझवायची नसते. सकाळी परत तापायला वेळ लागतो."

"बेकरी कधीच विकलीत तुम्ही. ही शेगडी आहे."

"मला आगीतलं शिकवू नकोस. त्याच भट्टीवर शिकलीस तू."

"हो. आणि आता तुम्ही स्वतःला भाजून घ्या."

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण माघार घेणं त्या घरात कोणाला जमलंच नव्हतं. खरं तर ती पार घाबरली होती. खिडकीचा पडदा त्या फडक्यापासून वीतभर अंतरावर हलत होता. घाबरली की ती रडायची नाही, भांडायची. हा गुण कोणाकडून आला ते समोरच उभं होतं, बनियन घालून.

तिने ज्योत बंद केली, शेगडीची बटणं उपटून पर्समध्ये टाकली. सिलिंडरचा रेग्युलेटर काढला. मग इस्त्री, काड्यापेट्या, मेणबत्त्या, पाणी तापवायचा रॉड, सगळं पिशवीत कोंबलं. म्हातारा तिच्या मागे मागे फिरत होता.

"रॉड ठेव. आंघोळ काय थुंकीने करू?"

"गार पाण्याने करा. डोकं थंड राहील."

"आणि जेवू काय?"

"डबा लावलाय."

"तो मी कुत्र्याला घालीन."

"घाला. निदान कुत्रं तरी जगेल."

म्हाताऱ्याने खुंटीवरचा सदरा काढला आणि बटणं न लावताच चपला शोधू लागला. "समोरच दुकान आहे. आत्ता जातो आणि नवी शेगडी घेऊन येतो. तू किती न्यायच्या त्या ने."

सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. ती त्याच्या आधी दाराबाहेर पडली, लोखंडी जाळीचं दार ओढलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

"संध्याकाळी येऊन उघडते. डबा जाळीतून घ्या."

"कैद्याला देतात तसा?"

"तसाच."

आता आरडाओरडा होणार, जिन्यात माणसं जमणार, याची तिने तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी जाळी धरली. कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरे डाग होते. त्याने जाळी एकदा हलवून पाहिली, नवीन माल घेताना हलवून बघावा तशी.

"आग लागली तर?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता. तिला तो ओळखू आला नाही.

"कशाने लागेल? घरात काडीसुद्धा ठेवली नाही मी."

"माझ्याकडे नाही गं." त्याने हनुवटीने शेजारचं बंद दार दाखवलं. "त्यांच्याकडे."

"काहीतरी बोलू नका," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली. दोन पायऱ्या उतरून थांबली.

शेजारच्या दारामागे कोणीतरी गरम तेलात काहीतरी सोडलं. चर्रर्र आवाज झाला.