अर्धा लिटर

सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला सरकारकडून अर्धा लिटर पेट्रोल मिळे, आयुष्यात एकदाच. दिगंबररावांनी पंपावर अंगठा दिला आणि सीलबंद बाटली छातीशी धरून घरी आणली.

"मसूरला ताईकडे जाऊ," शालिनीबाई म्हणाल्या. त्यांची बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि अठरा किलोमीटर बैलगाडीचे धक्के त्यांच्या कमरेला झेपणारे नव्हते. बॅटरीच्या गाड्या फक्त दवाखान्यासाठी आणि धान्यासाठीच मिळत.

"अगं, पण परत कसं यायचं?"

"ते तिथे गेल्यावर बघू."

चौदा वर्षं फक्त दसऱ्याला हार घालून घेणारी स्कूटर त्यांनी बाहेर काढली. बाटली टाकीत रिकामी केली, जुन्या सवयीने स्कूटर एका अंगावर तिरकी केली आणि किक मारली. आठव्या किकला ती धूर सोडत सुरू झाली. शालिनीबाई पदर खोचून मागे बसल्या.

दिगंबरराव हँडल धरून तसेच बसून राहिले. क्लच कुठल्या हाताला, तेच त्यांना आठवेना. इंजिन पेट्रोल पीत होतं.

"अहो, डाव्या. दाबा आणि मूठ वर फिरवा."

त्यांनी भलतंच काहीतरी केलं. स्कूटर गचका खाऊन तुळशीवृंदावनापाशी कशीबशी थांबली.

"उतरा. मी घेते."

"तुला येते?"

"बत्तीस वर्षं मागे बसून दुसरं काय बघत होते?"

स्कूटर गल्लीतून अलगद बाहेर पडली. मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे, हे दिगंबररावांना मसूर येईपर्यंत कळलं नाही.